डेस्कटॉप अचानक बंद पडतोय? आधी तो कसा बंद पडतो ते बघा

डेस्कटॉप चालता चालता बंद पडतो, पुन्हा सुरू केला की काही वेळ नीट चालतो, आणि परत तेच. या तक्रारीवर पहिला सल्ला बहुतेक वेळा "फॉरमॅट मारून बघ" असाच मिळतो. तो मारलाही जातो. विंडोज टाकण्यात, ड्रायव्हर शोधण्यात, फाइली परत जागेवर आणण्यात अख्खा दिवस जातो आणि रात्री मशीन पुन्हा फटकन बंद. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. ज्या मशीनची वीजच मध्येच तुटते, त्यातलं विंडोज कालचं आहे की पाच वर्षांपूर्वीचं, याने काडीचाही फरक पडत नाही.

दुसरं टोक म्हणजे पार्ट बदलत सुटणं. रॅम बदलली, एसएमपीएस (भिंतीवरची वीज घेऊन सगळ्या पार्टना पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) बदलला, कूलरही बदलला. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर मशीन सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि काही दिवसांनी पुन्हा बंद पडलं की पाटी कोरी. या बिघाडाची निम्मी माहिती बंद पडण्याच्या त्या क्षणात आणि त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत असते. ती गोळा केल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

त्या क्षणी काय दिसतं

"बंद पडतो" म्हणून जी मशीन येतात त्यांत निदान चार प्रकार असतात आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

पहिला म्हणजे भिंतीवरचं बटण कोणीतरी बंद केल्यासारखा: स्क्रीन काळी, पंखे थांबले, दिवे गेले, कुठला संदेश नाही की आवाज नाही. इथे संशय विजेवर, एसएमपीएसवर, उष्णतेवर किंवा कुठेतरी होणाऱ्या शॉर्टवर जातो. सॉफ्टवेअरवर जवळजवळ नाहीच.

दुसरा, स्क्रीन काळी होते आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. हा फसवा प्रकार आहे. विंडोज कोसळलं की येणारी निळी स्क्रीन इतक्या झटकन येऊन जाते की दिसतच नाही, आणि विंडोज स्वतःच रिस्टार्ट मारतं. विजेचा झटका आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, "वीज परत आली की सुरू हो" ही सेटिंग चालू, असं असलं तरी दिसायला हेच दिसतं.

तिसऱ्यात "शटिंग डाउन" अशी पाटी येते, प्रोग्रॅम एकेक करून बंद होतात आणि मग मशीन शांतपणे बंद होतं. म्हणजे कोणीतरी रीतसर हुकूम दिलाय. यूपीएसचं सॉफ्टवेअर, अपडेट, ठरावीक वेळी चालणारं एखादं काम, किंवा मुदत संपलेली विंडोजची इव्हॅल्युएशन आवृत्ती. ही शेवटची दर तासाला मशीन बंद करते, आणि घड्याळ लावल्यासारखं बंद होणारं मशीन बघून लोक एसएमपीएस बदलतात.

चौथ्यात मशीन बंद होतच नाही. पंखे फिरताहेत, दिवे लागलेत, फक्त स्क्रीन गेली. कीबोर्डवर नम लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का बघा. बदलत असेल तर आत सगळं जिवंत आहे. मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डाकडे वळा. त्याच वेळी ग्राफिक्स कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने ओरडायला लागले असतील तर संशय कार्डावर आणि त्याच्या पॉवर केबलवर.

आता दुसरी गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही कारण कोणी विचारत नाही: पुन्हा सुरू कसा होतो? बटण दाबल्याबरोबर सुरू होतो, की दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, की प्लग काढून परत लावल्याशिवाय हूं की चूं करत नाही? थांबावं लागत असेल तर काहीतरी तापतंय आणि निवल्यावर चालतंय. प्लग काढावाच लागत असेल तर एसएमपीएसमधलं संरक्षण सर्किट लागलंय. बऱ्याच एसएमपीएसमध्ये ते एकदा लागलं की वीज पूर्ण तोडेपर्यंत सुटत नाही. लगेच सुरू होत असेल तर बाहेरून येणारी वीज, सैल जोड किंवा कॅबिनेटचं बटण आधी तपासा. हे शंभर टक्के खरं ठरतं असं नाही, पण शोधायची जागा निम्म्याहून कमी होते.

याच्या जोडीला एक कागद जवळ ठेवा. तारीख, वेळ, काय चालू होतं, सुरू करून किती वेळ झाला होता. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा त्यांतून काहीतरी डोकं वर काढतं: फक्त गेम खेळताना, फक्त काही न करता नुसता चालू ठेवल्यावर, किंवा घरातली मोटर सुरू झाली की.

विंडोजने काय लिहून ठेवलंय

स्टार्टवर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये जा आणि बंद पडण्याच्या वेळेच्या आसपास बघा. जवळजवळ नक्की तिथे "कर्नल-पॉवर ४१" अशी लाल नोंद दिसेल. हा आकडा बघून लोक त्यालाच कारण समजतात आणि त्यावरचा इलाज शोधत बसतात. ही नोंद मशीन परत सुरू झाल्यावर लिहिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

कामाची माहिती तिच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे "बगचेक कोड" (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) शून्य असेल तर निळी स्क्रीन आली नाही, किंवा आलेली नोंदवायला वेळच मिळाला नाही. वीज तुटल्याची शक्यता मोठी. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत असतो. निळ्या स्क्रीनचे कोड सोळा पायाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिले जातात, म्हणून आधी कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमर मोडमध्ये बदलून घ्या. १५९ दिसलं तर ते ९एफ, म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने पॉवरच्या बदलात घोळ घातलाय. त्याच नोंदीत "पॉवर बटन टाइमस्टॅम्प" असतो. तो शून्य नसेल तर विंडोजच्या मते बटण दाबलं गेलं होतं. तुम्ही हात लावला नसताना असं दिसलं तर खालचा बटणाबद्दलचा भाग आधी वाचा.

आणखी चार-पाच आकडे ओळखीचे असू द्या. ६००८ मध्ये आधीचं अनपेक्षित बंद होणं किती वाजताचं ते मिळतं. १०७४ असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने, कोणत्या युजरच्या नावाने शटडाउन मागितलं ते लिहिलेलं असतं. वरच्या तिसऱ्या प्रकाराचा निकाल इथेच लागतो. कर्नल-पॉवर ८६ म्हणजे तापमान हाताबाहेर गेल्यामुळे बंद. "व्हीआ लॉगर" (WHEA-Logger) या नावाने १८ क्रमांकाची नोंद आली तर प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची चूक कळवली आहे. ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) किंवा व्होल्टेज कमी करण्याचे प्रयोग चालू असतील तर ते आधी मागे घ्या.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आपोआप रिस्टार्ट होत असेल तर, सिस्टम प्रॉपर्टीजच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये "स्टार्टअप अँड रिकव्हरी"च्या सेटिंग्ज उघडा आणि "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"ची टिक काढा. यापुढे निळी स्क्रीन आली तर ती तिथेच थांबेल आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. टिक काढूनही मशीन कुठलीच स्क्रीन न दाखवता रिस्टार्ट झालं, तर ड्रायव्हरचा विषय बाजूला ठेवा आणि हार्डवेअरकडे वळा. लिनक्सवाल्यांनी मागच्या बूटचं जर्नल काढून शेवटच्या ओळी बघाव्यात; नीट शटडाउनच्या ओळी नसतील आणि नोंद वाक्य अर्धवट सोडल्यासारखी तुटली असेल तर निष्कर्ष तोच.

भिंतीपासून मदरबोर्डपर्यंत

विजेचा मार्ग बाहेरून आत तपासायचा, कारण बाहेरचं तपासायला पैसे लागत नाहीत. पॉवर कॉर्ड एसएमपीएसच्या मागे घट्ट बसते का? मशीन चालू असताना ती हलवून बघायचा मोह आवरा. बंद करून काढा आणि पिनांवर काळे डाग, वितळल्याच्या खुणा बघा. स्पाइक गार्ड किंवा एक्स्टेंशन बोर्ड मधून काढून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा. सॉकेटमध्ये प्लग लटकत असेल, बटणापाशी बारीक चर्र आवाज येत असेल किंवा प्लग गरम लागत असेल तर कॉम्प्युटर राहू द्या, आधी वायरमन बोलवा.

यूपीएस हा मोठा गुन्हेगार आहे आणि त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही, कारण तो संरक्षणासाठी घेतलेला असतो. त्याची लेड-अॅसिड बॅटरी काही वर्षांत संपते. संपलेल्या बॅटरीचा यूपीएस बाकी वेळ गुपचूप असतो. वीज क्षणभर खाली गेली की तो बॅटरीवर जायला बघतो, बॅटरीत दम नसतो आणि मशीन जातं. घरातले दिवे नुसते मिचकावतात, कॉम्प्युटर मात्र बंद! दुसरा घोटाळा आकड्यांचा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस ६०० वॅट देत नाही. अशा छोट्या यूपीएसची वॅटमधली ताकद बहुधा ३६० च्या आसपास असते आणि ती मागच्या लेबलवर लिहिलेली असते. ग्राफिक्स कार्ड जोमात आलं, वर मॉनिटरही त्याच यूपीएसवर, की तो ओव्हरलोड होऊन बंद. तपासणी सोपी आहे: काही दिवस यूपीएस वगळून चालवा. फरक पडला तर उत्तर मिळालं. या दिवसांत वीज जाण्याची भीती असेल तर काम वरचेवर सेव्ह करत राहा.

उलटही घडतं. यूपीएस ठणठणीत, तरी वीज गेली की मशीन रिस्टार्ट होतं. साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्स या डेस्कटॉप एसएमपीएसच्या मानकाच्या मार्गदर्शक नियमांत ही मुदत बरीच वर्षं १६-१७ मिलिसेकंद होती. एसएमपीएस जुना झाला की हा साठा आटतो. मॉनिटर चालू, यूपीएसचा बीप आला आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट, असं दिसलं तर यूपीएस बदलण्यापूर्वी एसएमपीएसवर संशय घ्या.

एसएमपीएस

मध्येच वीज तुटणाऱ्या मशीनमध्ये मी पहिला संशय नेहमी यावर घेतो. बाकीच्या गोष्टींवर लोक खर्च करतात, हा मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असतो. त्याच्या बाजूचं लेबल वाचा, पण वर मोठ्या अक्षरांतला "४५० वॅट" वाचू नका. तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांचं पोट याच रांगेवर भरतं, त्यामुळे तुमच्या कामाचा एसएमपीएस ४५० चा नाही, २१६ चा आहे.

पुरेसा मोठा एसएमपीएस असूनही मशीन फक्त गेमच्या एखाद्या दृश्यात पटकन जातं, याचं कारण वेगळं असतं. आधुनिक ग्राफिक्स कार्ड सरासरी जेवढी वीज ओढतं त्याच्या कितीतरी जास्त काही मायक्रोसेकंदांपुरती ओढू शकतं. हे झटके सॉफ्टवेअरच्या आकड्यांत दिसत नाहीत. एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटाला मात्र दिसतात आणि ते सगळं बंद करतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार झेलावा अशी अपेक्षा घातली गेली. त्याआधीचा एसएमपीएस आणि नंतरचं दांडगं कार्ड ही जोडी असेल तर कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून २०-२५ टक्क्यांनी उतरवून बघा. बंद पडणं थांबलं तर निदान झालं, तेही पैसा न घालवता.

केबलींकडे लक्ष द्या. सहा पिनांचा कनेक्टर ७५ वॅटसाठी असतो, आठ पिनांचा १५० साठी, आणि स्लॉटमधून ७५ मिळतात. कार्डाला दोन आठ पिना असतील तर एकाच केबलच्या शेपटीला लटकणारी दोन तोंडं लावू नका. एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा. नवीन कार्डांवरचा सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय ना, त्याच्या तोंडाशीच केबल वाकवलेली नाही ना, हे टॉर्च मारून बघा. आणि मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, तोंड नीट बसलं तरी नाही. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असू शकतो. चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते, आणि तिच्याबरोबर तिच्यातलं सगळं.

मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या (चार पिनांच्या जुन्या कनेक्टरच्या) मोकळ्या तोंडावर मोजा: पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळ्यावर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५. महत्त्वाचं म्हणजे मोजमाप भार टाकलेला असताना करा. रिकाम्या मशीनवर आजारी एसएमपीएसही १२.१ दाखवतो, गेम सुरू केल्यावर तोच ११.३ ला आला की पकडला गेला. व्होल्टेज ठीक दिसलं म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण आतली थरथर साध्या मीटरला दिसत नाही. सॉफ्टवेअरमधल्या व्होल्टेजच्या आकड्यांवर तर मी मुळीच विसंबत नाही. तिथे १२ व्होल्टच्या रांगेत ८ दिसतात आणि मशीन मजेत चालत असतं.

हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस सुरू करून बघायची युक्ती सर्वांना ठाऊक असते. तिने एवढंच कळतं की पंखा फिरतो. भाराखाली काय होतं याचा तिच्याशी संबंध नाही. खरी परीक्षा म्हणजे चांगल्या, पुरेशा ताकदीच्या दुसऱ्या एसएमपीएसवर तेच मशीन, तेच काम. कोणाकडून दोन दिवसांसाठी मिळाला तर उत्तमच, केबलीसकट घ्या. आणि जुना उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठा उरलेला असू शकतो.

तापतंय का

"गरम होऊन बंद पडत असेल" हा अंदाज लोक पटकन बांधतात, पण आजचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराला ९५ वर चालावेत असेच बनवलेत, त्यामुळे ९५ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. वेग उतरवूनही तापमान चढतच राहिलं तरच प्रोसेसर शेवटचा उपाय म्हणून थेट वीज तोडायला लावतो. म्हणजे उष्णतेने बंद पडणारं मशीन बहुतेक वेळा आधी रखडतं. काहीही न रखडता एकदम गेलं तर उष्णतेचा क्रमांक खाली घ्या.

याला अपवाद म्हणजे कूलरचा प्रोसेसरशी संपर्कच सुटलेला असणं. तेव्हा सगळं काही सेकंदांत उरकतं. हे बघायला विंडोजची गरज नाही: मशीन पूर्ण निवू द्या, सुरू करून थेट बायोसमध्ये जा आणि प्रोसेसरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत बसा. चाळिशीच्या आसपास येऊन तो रेंगाळला तर ठीक. पण डोळ्यांदेखत पन्नास, साठ, सत्तर असा सरसर चढत गेला तर कॅबिनेट उघडा. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या खिट्ट्या असतात. पांढरी तोंडं मदरबोर्डच्या भोकांतून पलीकडे निघालेली आणि काळी पिन त्यांच्यात पूर्ण उतरलेली हवी. चारांतली एक जरी सुटली तरी कूलर तिरका होतो आणि त्या कोपऱ्यात पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आणि धातू यांच्यात फट राहते. वरून बघता काही कळत नाही, पंखाही छान फिरत असतो. एकेक कोपरा हलक्या हाताने वर ओढून बघा. जो वर येतो तो सुटलेला. वॉटर कूलर असेल तर पंपाच्या वेगाचा आकडा बघा, आणि दोन नळ्यांपैकी एक पोळते आहे, दुसरी गार आहे असं असेल तर पंप मेला समजा.

बाकी धूळ, वाळलेली पेस्ट, केबलीत अडकलेला पंखा ही नेहमीची मंडळी आहेतच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. एसएमपीएसच्या जाळीत साठलेली धूळ लोक विसरतात, आणि तोही तापून स्वतःला बंद करतो.

एक झटपट चाचणी: कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबल फॅन आत रोखून ठेवा आणि ज्या कामाला मशीन बंद पडायचं तेच काम चालवा. आता बंद पडत नसेल तर काहीतरी तापतंय हे नक्की. काय तापतंय ते त्यातून कळत नाही, प्रोसेसरशेजारचे, त्याला लागणारं व्होल्टेज बनवणारे व्हीआरएमसुद्धा असू शकतात. म्हणून सोबत एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेन्सर लॉगिंग चालू करून फाइल बनवून घ्या. मशीन गेल्यावर त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा; अगदी शेवटची एखादी हुकू शकते, पण चढत गेलेला आकडा लपत नाही.

बटण चिकटलं असेल

हा बिघाड इतका क्षुल्लक आहे की तपासलाच जात नाही. कॅबिनेटचं पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं. बटण जुनं झालं, त्यात मळ गेला, स्प्रिंग थकली की ते आत अडकून राहतं. तुम्ही सुरू करण्यासाठी दाबता, ते नीट बाहेर येत नाही, आणि चार-पाच सेकंदांनी मशीन बंद. कधी अर्धवट चिकटतं आणि टेबलाला धक्का लागला की काम करतं. वरची टाइमस्टॅम्पची नोंद यासाठीच बघायची.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात कॅबिनेटकडून आलेल्या बारीक तारांचा जुडगा असतो. त्यातली "पॉवर एसडब्ल्यू" आणि "रिसेट एसडब्ल्यू" लिहिलेली तोंडं काढा. मग पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून मशीन सुरू करा आणि त्या तारा न लावताच चालवा. बंद पडणं थांबलं तर रिसेटचं बटण पॉवरच्या जागी जोडून वर्षानुवर्षं काम चालवता येतं. दिसायला गावठी, चालायला पक्कं.

पुढचे यूएसबी पोर्टही बघून घ्या. आतली जीभ वाकून पिना एकमेकींना टेकल्या की काही मदरबोर्ड सुरू होताना यूएसबीचा प्रवाह जास्त झाल्याचा इशारा देतात आणि १५ सेकंदांत बंद होतात. पुढच्या पोर्टची केबल मदरबोर्डवरून काढली की खरं-खोटं होतं.

भाराखाली जातो की रिकामा असताना

इथवर काही सापडलं नाही तर मशीनला मुद्दाम छळायचं, पण एका वेळी एकालाच. प्राइम९५ ने फक्त प्रोसेसर, फरमार्कने फक्त ग्राफिक्स कार्ड, आणि दोन्ही तगले तर ओसीसीटीच्या पॉवर टेस्टने दोन्ही एकदम. एकेकटे टिकतात आणि एकत्र जातात, तर बोट पुन्हा एसएमपीएसकडेच. एसएमपीएस शंकास्पद असताना अशी चाचणी लावून जेवायला जाऊ नका. समोर बसा, वास आला की प्लग काढा.

रिकामा असतानाच बंद पडणारं मशीन लोकांना चक्रावून टाकतं. गेममध्ये तासन् तास चालतं आणि नुसतं पान वाचत बसलं की जातं. याचं कारण उलटं असतं: प्रोसेसर गाढ झोपेच्या अवस्थेत जातो, वीज इतकी कमी ओढतो की जुन्या धाटणीच्या एसएमपीएसला ते झेपत नाही. २०१३ च्या इंटेल हॅसवेलपासून हा विषय चर्चेत आहे. रायझनच्या बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये "पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल" नावाची सेटिंग असते. ती "टिपिकल करंट आयडल"वर ठेवून बघा. इंटेलवर गाढ झोपेच्या सी-स्टेट बंद करून बघा. वीज थोडी जास्त लागेल, पण चाचणीपुरतं चालतं.

रॅम, प्रोसेसर, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड

खराब रॅमने मशीन सहसा वीज तुटल्यासारखं जात नाही. निळी स्क्रीन येते, प्रोग्रॅम मरतात, फाइली बिघडतात. तरी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून बघा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावा. एक जरी चूक दिसली तर ती चूकच, "एवढं चालतं" असं काही नसतं. मग एकेक स्टिक वेगळी तपासा.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा दांडगा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम उघडताना किंवा शेडर (गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना क्रॅश येत असतील तर बायोस आधी ताजं करा. या प्रोसेसरांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज जाऊन ते झिजतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्याच वर्षी ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या सुधारणा) दिले आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढची झीज थांबवण्यासाठी आहे. झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

मदरबोर्डवर शिक्का मारण्यापूर्वी मशीन नागडं करून बघा: बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर, त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक आणि एसएमपीएस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड लावावंच लागेल. कॅबिनेटमध्ये बंद पडणारं मशीन पुठ्ठ्यावर दिवसभर चाललं, तर बोर्डामागे अडकलेला स्क्रू किंवा जादा बसवलेला पितळी स्टँडऑफ (बोर्डाखालचा टेकू) शोधा. पुठ्ठ्यावरही गेलं आणि एसएमपीएस, रॅम दुसऱ्या लावून झाल्या असतील, तर मग बोर्ड. जुन्या बोर्डावर कपॅसिटरांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी चिकट दिसली तर एवढी कसरतही नको.

दुरुस्ती झाली हे ठरवायची घाई करू नका. आठवड्यातून एकदा बंद पडणारं मशीन दोन दिवस नीट चाललं याला काही अर्थ नाही. आधी दोन घटनांमध्ये सरासरी जेवढा खंड पडायचा, त्याच्या निदान तिप्पट काळ ते अखंड चालू द्या, आणि ज्या कामाला ते जायचं तेच काम त्याच्याकडून करून घ्या. तोवर काढलेला पार्ट भंगारात देऊ नका, यूपीएस एकदम परत जोडू नका, दुसरं काही बदलू नका. तो काळ नीट गेला की "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"ची टिक परत लावा आणि पॉवर लिमिट, सी-स्टेट यांच्या चाचणीपुरत्या बदललेल्या सेटिंग्ज एकेक करून मूळ जागी आणा, दर बदलानंतर दोन दिवस सोडून.